स्पीड कॅमेरा अलर्टवाला डॅशकॅम, धारगळ ते वेर्णा रोज वापरून सात महिने

गेल्या दिवाळीच्या आधी म्हापशाला एका कार ॲक्सेसरीच्या दुकानातून हा डॅशकॅम, म्हणजे गाडीत समोर लावायचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा, घेतला, साडेसहा हजाराला, बसवायचे पाचशे वेगळे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असेच दहा-बारा मॉडेल बाजारात आहेत, आतून सगळे थोड्याफार फरकाने सारखेच, समोरचं रेकॉर्डिंग, जीपीएस, आणि बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात "स्पीड कॅमेरा अलर्ट". खरं सांगतो मला तेवढ्यासाठीच हवा होता. दुकानातला पोरगा पण तेच सांगत होता, "हो घेयात, चलन येवचें ना", म्हणजे हा घ्या, चलान येणार नाही.

चलानची भीती का बसली होती ते आधी सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी घरच्यांना घेऊन गोव्याबाहेर फिरायला गेलो होतो, परत आलो, विसरून पण गेलो, आणि दीड महिन्याने मोबाईलवर मेसेज, ओव्हरस्पीडिंग, दोन हजार. पोर्टलवर जाऊन बघितलं तर फोटोत फक्त माझी नंबरप्लेट आणि मागे काळोख, कुठला पूल कुठला फाटा काही कळत नाही, स्पीड लिहिलेला पण लिमिट काय होतं ते नाही, आणि बोर्ड तर मी बघितल्याचं आठवतच नाही. पैसे भरले गप. पण मनात राहिलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की केंद्राचा नियम आहे याबाबतीत, मोटार वाहन नियमांमधला १६७ए, ऑगस्ट २०२१ ला आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की कॅमेरा जिथे आहे त्या पट्ट्याच्या आधी लोकांना दिसेल असा बोर्ड पाहिजे, नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत गेली पाहिजे, फोटोत गाडीचा नंबर आणि चूक दोन्ही दिसलं पाहिजे, आणि कॅमेऱ्याच्या मशीनचं सर्टिफिकेट दर वर्षी रिन्यू झालेलं पाहिजे. म्हणजे माझं चलान यातल्या दोन-तीन गोष्टींत बसतच नव्हतं. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी भांडलो असतो.

असो. तर डॅशकॅम.

माझा रोजचा रस्ता धारगळहून सुरू होतो, कोलवाळचा पूल, करासवाडा, गिरी, पर्वरी, अटल सेतू, मेरशी, बांबोळी, आगशी, जुवारीचा नवा पूल, कुठ्ठाळी आणि वेर्ण्याची इंडस्ट्रियल इस्टेट. जायला पन्नासेक किलोमीटर, यायला तेवढेच. हा एनएच ६६ आमच्यासाठी हायवे पण आहे आणि गावातला रस्ता पण आहे, सकाळी साडेसहाला निघालं की काही ठिकाणी कडेने पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पावांची टोपली घेऊन पों पों करत चाललेला असतो, पुढे बसस्टॉपवर शाळेची पोरं, आणि त्यांच्या हातभर बाजूने मोपाला फ्लाईट गाठायला निघालेली भाड्याची गाडी शंभरने जाते. मोपा सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२३ च्या जानेवारीपासून, आमच्या पट्ट्यातली ट्रॅफिक पूर्वीसारखी राहिलेलीच नाही, हे पेडण्यातल्या कोणालाही विचारा.

पहिले पंधरा दिवस मी खूश होतो. गाडी चालू केली की दीड-दोन मिनिटांत जीपीएस पकडतो, छोट्या स्क्रीनवर स्पीड येतो, आणि मॅपमध्ये भरलेल्या जागा आल्या की पाचशे मीटर आधी बाई हिंदीत बोलते "आगे स्पीड कॅमेरा है", मग तीनशेला एकदा, मग शंभरला टूं टूं. ऑफिसात तीन जणांना सांगितलं घ्या म्हणून.

मग डिसेंबरात एका संध्याकाळी परत येताना, गिरी सोडली, रस्ता मोकळा, मी पंच्याऐंशीवर असेन, आणि अचानक पाचशे-तीनशेचा इशारा न देता डायरेक्ट टूं टूं सुरू. मी काय केलं, पाय सरळ ब्रेकवर. विचार केलाच नाही, सात-आठ आठवड्यांत पायाला सवय लागली होती की आवाज आला की दाबायचा. मागून स्कूटर होती, नवरा बायको आणि मध्ये लहान मुलगी, आरशात त्या माणसाचं हँडल हलताना दिसलं आणि बाजूने तो अक्षरशः माझ्या मागच्या दाराला घासत पुढे गेला, पडला नाही हे देवाचे उपकार. पुढे जाऊन थांबला, मागे वळून बघितलं, एक शब्द बोलला नाही. ती मुलगी आईच्या पोटात तोंड खुपसून होती. मी गाडी बाजूला घेऊन उतरलो आणि वर बघितलं तर तिथे कॅमेराच नाही. एक खांब होता, त्याच्यावर नुसता पेटीचा सांगाडा. कोणीतरी कधीतरी या मशीनच्या मॅपवर तिथे कॅमेरा टाकून ठेवलेला, कंपनीने तपासलं नाही, आणि माझ्या गाडीत ती बाई त्यावर बोंबलली.

घरी गेलो तरी हात थरथरत होता. त्या दिवशी रात्री मी हे मशीन काढून टाकणार होतो. काढलं नाही त्याचं कारण खाली लिहितो, पण आधी हे सांगायलाच पाहिजे की "कॅमेरा आला, दाब ब्रेक, कॅमेरा गेला, दाब ॲक्सिलरेटर" ही सवय हे यंत्र लावतं, आणि ती वाईट सवय आहे. कॅमेऱ्याच्या आधी शंभर मीटर आणि नंतर शंभर मीटर सोडलं तर बाकीच्या पन्नास किलोमीटरला काय? मेरशीला सिग्नलवर २०२३ ला कॅमेऱ्याचं चलान सुरू झालं, तेव्हापासून तिथे गाड्या रेषेच्या मागे शिस्तीत थांबतात हे मी रोज बघतो, आणि त्याच गाड्या पुढे बांबोळीच्या चढावर कशा उडतात हे पण रोज बघतो.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये यावर दर आठवड्याला भांडण होतं. एक गट म्हणतो कॅमेरे म्हणजे सरकारची कमाई, रस्ते नीट करायचे नाहीत आणि खांब उभे करून लोकांचे खिसे रिकामे करायचे. गोव्यात नवे दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, त्यात छोट्या गाडीला स्पीडसाठी कायद्यातच एक ते दोन हजार आहे, आणि आमच्यातला एक जण खरंच विचारतो की वीस-बावीस हजार पगारवाल्याला दोन हजार म्हणजे काय ते साहेबांना कळतं का. त्याचं चूक नाही. दुसरा गट म्हणतो की मग हळू चालवा ना बाबा, कोणी सांगितलंय पळवायला.

मी दुसऱ्या गटातला आहे, पण पहिल्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. देशात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर मेली आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंमध्ये कारण ओव्हरस्पीड असं केंद्राच्याच रिपोर्टात आहे. गोव्यासारख्या एवढ्याशा राज्यात दर वर्षी दोनशेच्या वर माणसं जातात, आणि त्यात दुचाकीवाले सगळ्यात जास्त. २०२३ च्या ऑगस्टात बाणस्तारीच्या पुलावर तीन माणसं गेली तेव्हा आठ दिवस सगळे बोलत होते, मग बंद. माझ्या मामेभावाला आमच्याच वाड्यासमोर हायवे ओलांडताना गाडीने उडवलं, तो वाचला, पण पायात रॉड घेऊन सहा वर्षं चालतोय, आणि मामी अजून त्याला एकट्याला रस्ता ओलांडू देत नाही, त्याचं वय आता एकतीस. साठवरून ऐंशीला गेलं की स्पीड फक्त वीसने वाढतो पण धडकेचा जोर पावणेदोन पटीच्या वर जातो, कारण तो स्पीडच्या वर्गाने वाढतो. ऐंशीला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. माणसाला ब्रेकवर पाय न्यायलाच एक सेकंद लागतो, तोपर्यंत आमच्या वाड्याचा बसस्टॉप मागे पडलेला असतो.

त्यामुळे कॅमेरा पाहिजे. पोलीस उन्हात उभा राहून किती गाड्या अडवणार, आणि अडवल्यावर काय होतं, कोणाची ओळख निघते, कोण फोन लावतो, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. कॅमेऱ्याला ओळख नसते. आठवत असेल तर २०१७ ला ट्रॅफिक सेंटिनल आलं होतं गोव्यात, लोकांनीच लोकांचे फोटो काढायचे आणि त्याचे पॉइंट मिळवायचे, त्यावरून गावागावात किती वाद झाले. त्यापेक्षा खांबावरचं मशीन बरं, ते शेजाऱ्याला शेजाऱ्याशी भांडायला लावत नाही.

पण कॅमेरा कसा, ते महत्त्वाचं. एका जागी बसून स्पीड मोजणारा कॅमेरा म्हणजे मी वर सांगितलं तेच, लोक तिथे दाबतात. ही गोष्ट मला फार लागते की या स्पीड कॅमेऱ्याचा बापच मुळी रेसर होता, गात्सोनिडेस म्हणून डच माणूस, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला, त्याने हे यंत्र बनवलं ते स्वतःची गाडी वळणावर आणखी जोरात कशी काढता येईल हे मोजायला. पुढे त्याच नावाचे कॅमेरे ब्रिटनमध्ये रस्त्याकडेला आले. त्याच्यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे सरासरीवाली, दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचायची आणि मधल्या अंतराला लागलेला वेळ बघायचा. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात शंभरचं लिमिट असेल तर सहा मिनिटं लागलीच पाहिजेत, पाच मिनिटांत आलास म्हणजे एकशेवीसने आलास, मग मध्ये कुठे ब्रेक दाबला नि कुठे नाही याने काही फरक पडत नाही. माझ्या मते कोलवाळ ते पर्वरी आणि बांबोळी ते वेर्णा असे दोन पट्टे घेऊन हे करून बघायला हवं, दोन्हीकडे मोठे बोर्ड लावून, आणि लिमिट ठरवताना आधी गावातल्या लोकांशी बोलून.

आणि बोर्ड. बोर्डाबद्दल मला राग आहे. एका ठिकाणी ४० चा बोर्ड, तो कुठे संपतो ते सांगणारा बोर्ड नाही, पुढे एकदम ८० चा, मध्ये एक झाडाच्या फांदीत. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम काढल्यापासून रस्ता कधी डावीकडे वळतो कधी उजवीकडे, तिथे लिमिट काय धरायचं? केंद्राने २०१८ ला कारसाठी दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर जास्तीत जास्त १०० दिलंय, पण राज्य त्याच्या खाली आणू शकतं, आणि आणलेलं असतं, फक्त ते माणसाला रस्त्यावर दिसत नाही. आधी दाखवा मग पकडा, एवढंच मागणं आहे.

आता काढलं का नाही ते. त्या रात्री मेन्यू उघडून बसलो तर आत दोन वेगळे अलर्ट निघाले, एक कॅमेऱ्याचा आणि एक लिमिटचा. दुकानवाल्याने दुसरा दाखवलाच नव्हता, बॉक्सवर पण बारीक अक्षरात आहे. लिमिटवाल्यात दोन प्रकार, एक मॅपवरून लिमिट घेतो, दुसऱ्यात आपण आकडा टाकायचा. मॅपवालं गोव्यात बेभरवशाचं आहे, पर्वरीला तर तो अजून जुना रस्ता धरून बसतो, आणि सर्व्हिस रोडवर असताना त्याला वाटतं आपण वरच्या हायवेवर आहोत. म्हणून मी आकडा स्वतः टाकला. सत्तर. सत्तरच्या वर गेलो की एकदाच हलका आवाज येतो. कॅमेऱ्याचा अलर्ट पूर्ण बंद केला.

आणि मला मान्य करायला पाहिजे की गेल्या पाच महिन्यांत याने माझं ड्रायव्हिंग बदललं. गाडीत कंपनीचा बीप आहेच, १ जुलै २०१९ नंतरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो बंधनकारक आहे, पण तो ऐंशीला थोड्या थोड्या वेळाने वाजतो आणि एकशेवीसला सलग, आमच्या रस्त्याला त्याचा उपयोग नाही, आमच्याकडे ऐंशी म्हणजे बऱ्याच ठिकाणी आधीच जास्त. सत्तरचा आवाज योग्य जागी येतो. वेळेचं म्हणाल तर धारगळ-वेर्णा मला आधी सव्वा तास लागायचा, आता सव्वा तास आणि चार-पाच मिनिटं, कारण खरा वेळ पर्वरीत जातो, तिथे पळवायला मिळतच नाही. चार मिनिटांसाठी मी इतकी वर्षं काय करत होतो.

अजून एक गोष्ट कळली. जीपीएसचा स्पीड आणि गाडीच्या काट्याचा स्पीड जुळत नाही, माझ्या गाडीत काटा ८० दाखवतो तेव्हा हा ७६ दाखवतो. मला वाटलं मशीन खराब, पण तसं नाही, कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, खऱ्यापेक्षा कमी दाखवणं नियमात चालत नाही म्हणून. त्यामुळे काटा बघून लिमिटमध्ये चालवलं तर तुम्ही खरोखर लिमिटमध्येच असता. उलट जीपीएसच्या आकड्याला अगदी चिकटून चालवू नका, बोगद्यात किंवा दाट झाडीत तो दोन-तीन सेकंद मागे असतो.

बाकी मशीन म्हणून कसा आहे ते पटकन सांगतो. दिवसा चित्र उत्तम, समोरच्याची नंबरप्लेट दहा-बारा मीटरवरून वाचता येते. रात्री प्लेट वाचता येत नाही, समोरच्या हेडलाईटने पांढरी होते, दुकानात रात्रीचं जे दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नका. ६४ जीबीच्या कार्डात माझं पाच-सहा तासांचं राहतं, मग जुन्यावर नवीन चढतं. चिकटवायची टेप मेच्या उन्हात सुटली, वेर्ण्याला गाडी दिवसभर उन्हातच असते, मशीन डॅशबोर्डवर पडलेलं, दुसरी टेप आणून काच स्पिरिटने पुसून लावली तेव्हापासून ठीक. आत बॅटरीऐवजी कपॅसिटर आहे हे चांगलं, उन्हाने बॅटरी फुगायची भीती नाही, घेताना हे विचारूनच घ्या. ॲप कामाचं नाही, वायफाय जोडायलाच दहा मिनिटं जातात, मी कार्ड काढून लॅपटॉपला लावतो. दुकानाची सर्व्हिस चांगली, टेप फुकट दिली, पण त्या खोट्या कॅमेऱ्याची तक्रार केली तर "मॅप कंपनी करता, आमी कितें करप" (मॅप कंपनी करते, आम्ही काय करणार) एवढंच. कंपनीला दोन मेल टाकले, उत्तर नाही, जानेवारीच्या अपडेटमध्ये तो खोटा कॅमेरा अजून आहे. यासाठी मी दीड स्टार कापला. लोकांच्या जिवाशी जोडलेली माहिती विकायची आणि तपासायची नाही हे मला मान्य नाही. फ्रान्समध्ये २०१२ पासून अशा यंत्रांना कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगायला बंदी आहे, ते फक्त "पुढे धोक्याचा पट्टा" असं सांगतात, गावात तीनशे मीटर ते मोटरवेवर चार किलोमीटर लांबीचा, म्हणजे माणूस आधीपासून हळू होतो आणि बराच वेळ हळू राहतो. आपल्याकडे पण हे असंच असावं असं माझं ठाम मत झालंय.

रेंट-अ-कॅबवाल्यांनी मात्र हा जरूर घ्यावा, वेगळ्या कारणासाठी. माझ्या चुलतभावाच्या कळंगुटला चार गाड्या आहेत, काळ्या प्लेटच्या. गिऱ्हाईक तीन दिवस गाडी नेतं, पळवतं, घरी जातं, आणि चलान येतं भावाच्या नावावर, कारण कॅमेऱ्याला प्लेट दिसते, चालवणारा नाही. गिऱ्हाईक फोन उचलत नाही. त्याने दोन गाड्यांना हे बसवलंय, जीपीएसची नोंद तारीख-वेळेसकट राहते, गाडी परत देतानाच बसून बघतात आणि डिपॉझिटमधून हिशेब करतात. आधीच सांगून ठेवलं की भांडण होत नाही, आणि तो म्हणतो सांगितल्यावर पोरं गाडीच हळू चालवतात.

चलानवरून आणखी एक, वॉट्सॅपवर "तुमचं चलान बाकी आहे" म्हणून एपीके फाईल, म्हणजे फोनवर ॲप टाकणारी फाईल, येते ती उघडू नका, आमच्या ऑफिसातल्या एकाने उघडली आणि खात्यातून पैसे गेले. चलान बघायचं तर परिवहनच्या पोर्टलवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून बघा.

पाचपैकी साडेतीन. घेतलात तर सेटिंगमध्ये जाऊन तिसऱ्या पानावर कॅमेरा अलर्ट ऑफ, लिमिट अलर्ट ऑन, आकडा हाताने टाकायचा, आवाज ३ वर. मी आता धारगळच्या जंक्शनपासून आमच्या वाड्यापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरला तो पन्नासवर आणतो, बटण दोनदा दाबावं लागतं, आणि बसस्टॉपजवळ मामी उभी असेल तर हात करते.